खटक्याचे बळ

मनुष्याच्या निश्चयाची महती आपल्या परंपरेने इतक्या मुक्तकंठाने गायिली आहे की, निश्चय हा नेहमीच गुण असतो काय, असे विचारणारा माणूस आपल्याला किंचित अश्रद्धच वाटू लागतो. ध्रुव, प्रल्हाद, हरिश्चंद्र यांच्या कथा ऐकत वाढलेल्या मनाला न डगमगणे हीच सद्गुणाची परिसीमा वाटते. आणि तरीही त्याच मनाला रोजच्या व्यवहारात बांधावरच्या हातभर जमिनीसाठी तीन पिढ्या कचेरीच्या पायऱ्या झिजवणारा भाऊबंद भेटतो, आणि एकदा तोंडातून गेलेला शब्द मागे घ्यावा लागू नये म्हणून घराची राखरांगोळी करणारा कर्ता पुरुषही भेटतो. या दोन प्रकारच्या माणसांत भेद आहे हे सर्वांनाच कळते. पण तो नेमका कशात आहे हे सांगण्याची वेळ आली म्हणजे आपण ‘हेतू शुद्ध असावा’ असे एखादे गुळमुळीत उत्तर देऊन मोकळे होतो. या भेदाचा विचार मी येथे अशा एका लहानशा वस्तूच्या आधाराने करणार आहे, जिला तत्त्वचिंतनाच्या दिवाणखान्यात सहसा कोणी बसावयास पाट देत नाही. ती वस्तू म्हणजे मिटता चाकू, आणि त्यातही उघडलेले पाते जागच्या जागी धरून ठेवणारा त्याचा खटका.

पात्याला आवर घालण्याच्या दोन रीती माणसाने शोधून काढल्या आहेत. पहिली म्यानाची. तलवार, कट्यार, सुरा, कृपाण ही सरळ, एकसंध पोलादाची शस्त्रे. त्यांना सांधा नाही म्हणून सांधा सुटण्याचे भय नाही, आणि त्यांचा आवर बाहेरून घातलेल्या वेष्टनात आहे. दुसरी रीत मिटत्या चाकूची. येथे पाते मुठीच्याच पोटात निजते, काम पडले म्हणजे बाहेर येते आणि काम सरले म्हणजे पुन्हा आत जाते. त्याला निराळे वेष्टन लागत नाही, ते कमरेला लटकवावे लागत नाही, सदऱ्याच्या खिशात निमूटपणे राहते. परंतु या सोयीची सारी किंमत एका खिळ्यावर आणि एका खाचेवर येऊन पडते. ऐन जोराच्या कामात खटका सुटला, तर पाते ज्या वस्तूवर चालवले तिच्याकडे न जाता धरणाऱ्याच्या बोटांवरच मिटते. म्हणजे या हत्याराचा आवर सुटला असता पहिला घात होतो तो ते धारण करणाराचा. मनोनिग्रहाचा विचार करणाऱ्याने या एका गोष्टीसाठी तरी या क्षुद्र वस्तूकडे नीट पाहावे, असे मला वाटते.

नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यातील माळेगाव येथे, मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीपासून खंडोबाची मोठी यात्रा भरते. घोड्यांच्या आणि गुराढोरांच्या बाजारासाठी ती मराठवाड्याबाहेरही नाव मिळवून आहे. पण त्या गर्दीत लोखंडी सामानाची पालेही लागतात, आणि खुरपी, विळे, कोयते, अडकित्ते यांच्या राशीशेजारी एखाद्या पेटीत चाकूही मांडलेले असतात. कोठेही घडलेला असला तरी त्यातला खटक्याचा चाकू सरसकट ‘रामपुरी’ म्हणूनच विकला जातो. अशाच एका पालात मी एका चाकूची धार अंगठ्याने चाचपून पाहात असता विक्रेत्याने तो माझ्या हातून काढून घेतला आणि म्हणाला, “धार काय गुरुजी, कवाबी लावता येती. खटका बघा.” मग त्याने चाकू उघडला, पाते ताठ होताच ‘कट्’ असा जो कोरडा, स्वच्छ आवाज आला तो मला पुन्हा एकदा ऐकवला, पाते चिमटीत धरून आडवे हलवून पाहिले, आणि शेवटी त्याची पाठ पेटीच्या काठावर ठेवून मुठीवर आपला सगळा भार दिला. पाते हलले नाही. दुसरा एक चाकू त्याने तसाच उघडला, तेव्हा आवाज बसका आला आणि पाते खिळ्यापाशी डुगडुगले, तो मिटून बाजूला ठेवत तो म्हणाला, “ह्यो सफरचंदाला.”

त्या पाठीच्या खटक्याची रचना मोठी सरळ आहे. मुठीच्या पाठीत एक पोलादी पट्टी कमानीच्या जोराने ताणलेली असते, पात्याच्या बुडाशी एक खाच कोरलेली असते, आणि पाते पुरते उघडले म्हणजे पट्टीचे नाक त्या खाचेत पडून बसते. अमेरिकेतील बक या कारखान्याने १९६४ साली काढलेल्या ११० क्रमांकाच्या चाकूने ही रीत जगभर लोकप्रिय केली. फ्रान्सच्या सॅव्हॉय प्रांतात १८९० पासून होणाऱ्या ओपिनेल चाकूला १९५५ साली त्याच कामासाठी एक फिरते कडे बसवण्यात आले. आणि मुठीच्या आतल्या पत्र्याचीच एक जीभ पात्याच्या बुडामागे टेकवण्याची युक्तीही निघाली. तपशील निरनिराळे असले तरी या सर्व खटक्यांकडून अपेक्षा एकच असते, आणि ती पाहू गेल्यास परस्परविरोधी आहे: पात्यावर केवढाही भार आला तरी खटक्याने सुटू नये, आणि धरणाऱ्याने अंगठ्याने दाबताच मात्र त्याने तत्काळ सुटावे. जो भाराने सुटतो तो खटका कच्चा. पण जो अंगठ्यानेही सुटत नाही, जो गंजून खाचेत कायमचा रुतला आहे, त्यालाही कोणी पक्का म्हणत नाही. त्या चाकूचा उघड्या पात्याचा, बिनम्यानाचा सुरा झालेला असतो, आणि तो खिशात घालणाऱ्याची मांडी फाटल्याखेरीज राहात नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. नेहमीच्या कापाकापीत खटक्याला काही कामच नसते. धार खाली करून आपण फळ, दोरी किंवा चामडे कापतो तेव्हा कापल्या जाणाऱ्या वस्तूचा प्रतिरोध पात्याला उघडण्याच्याच दिशेने रेटत असतो. खटका नसता तरी ते काम झाले असते. खटक्याची पारख होते ती पाते ओल्या लाकडात रुतून ते उपसताना मनगटाला पीळ बसतो तेव्हा, टोकाने भोक पाडू गेले असता हात घसरतो तेव्हा, किंवा पात्याच्या पाठीवर घाव बसतो तेव्हा. आणि अशा वेळी येणारा भार साधा नसतो. पाते ८ सेंटिमीटर लांब असून खटक्याची खाच खिळ्यापासून ६ मिलिमीटरवर असली, तर तरफेच्या नियमाने टोकाशी दिलेला १० किलोंचा भार खाचेपाशी १३० किलोंहून अधिक होतो. तेव्हा वर्षानुवर्षे फळे कापून ‘माझा चाकू कधी दगा देत नाही’ असे म्हणणाराने खटक्याची परीक्षा घेतलेलीच नसते. त्याने केवळ परीक्षेचा प्रसंग येऊ दिलेला नसतो.

आपल्या शीलाबद्दलची आपली बहुतेक प्रशस्तिपत्रे याच मासल्याची असतात. ज्याला कोणी लाच देऊ केली नाही त्याचा निर्लोभ, ज्याच्या हाती अधिकार आला नाही त्याची सौम्यता आणि ज्याचे कधी काही हिरावले गेले नाही त्याची क्षमा, यांना खोटे म्हणण्याचे कारण नाही. पण त्यांची रुजवात अद्याप झालेली नाही एवढे मात्र खरे. परिस्थिती ज्या दिशेने रेटत असते त्याच दिशेला आपला सद्गुण तोंड करून उभा असतो, आणि आपण त्या रेट्यालाच आपले बळ समजतो.

या विचाराला नांदेडच्या इतिहासाइतका साक्षीदार क्वचितच सापडेल. मोगल बादशहा बहादुरशहाच्या स्वारीबरोबर दक्षिणेत आलेले गुरू गोविंदसिंग १७०८ साली गोदावरीकाठच्या या गावी मुक्कामास राहिले, तेथेच एका पठाणाने त्यांच्यावर शस्त्र चालवले, आणि त्याच वर्षी ७ ऑक्टोबर रोजी त्यांनी देह ठेवला. परंपरा असे सांगते की, जखम शिवून बंद करण्यात आली होती आणि ती भरूनही येत होती. परंतु काही दिवसांनी एक कठीण धनुष्य ओढून पाहताना टाके उसवले आणि तेच अखेरीस प्राणांतिक ठरले. अंथरुणावर पडून राहिलेल्या देहाला ते टाके पुरेसे होते, धनुष्य ओढणाऱ्या देहाला ते पुरले नाहीत. ज्या पुरुषाच्या मनाचा निग्रह चार पुत्रांच्या बलिदानानेही ढळला नव्हता त्याच्या देहाचा सांधा एका प्रत्यंचेच्या ओढीने सुटावा, यात देहाच्या आणि निश्चयाच्या बळाची जातच भिन्न आहे, हे जितके स्पष्ट होते तितके एखाद्या दर्शनग्रंथाच्या खंडनमंडनानेही क्वचितच व्हावे. देहधारी गुरूंची परंपरा त्यांनी येथेच संपवली आणि गुरुपद ग्रंथसाहिबाकडे दिले. महाराजा रणजितसिंगाच्या आज्ञेने १८३२ ते १८३७ या काळात उभी राहिलेली सचखंड गुरुद्वाराची वास्तू आज त्या स्थानी आहे. आणि त्या ग्रंथात शेजारच्याच नरसीशी ज्यांचे नाव जोडले जाते त्या नामदेवांची ६१ पदे आहेत, हे मराठी वाचकाने विसरू नये.

गुरूंच्या शस्त्रविचारात निश्चयाचा आणखी एक पैलू आहे. आनंदपूरचा किल्ला सोडून जाणाऱ्यांना सुखरूप वाट देण्याची शपथ मोगलांच्या बाजूने धर्मग्रंथावर हात ठेवून घेतली गेली आणि मोडली गेली. त्यानंतर १७०५ च्या सुमारास त्यांनी औरंगजेबाला फारसीत जे पद्यमय पत्र लिहिले ते ‘जफरनामा’ या नावाने प्रसिद्ध आहे. त्या पत्रात लढाईचे वर्णन आहे, परंतु त्याचा खरा रोख शपथभंगावर आहे. रणात हरणारा दोषी नाही, दिलेला शब्द मोडणारा मात्र स्वतःच्याच ईश्वरापुढे दोषी आहे, ही त्यातील फिर्याद आहे. आणि इतर सर्व उपाय खुंटल्यावरच तलवारीला हात घालणे न्याय्य होय, ही त्याच पत्रातील भूमिकाही सर्वश्रुत आहे. म्हणजे हाती तलवार असलेल्या पुरुषाने येथे दोन कसोट्या एकदमच मांडल्या आहेत: शब्द भाराखाली सुटता कामा नये, आणि शस्त्र विचाराखेरीज उघडता कामा नये.

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने कृपाणाला जे स्थान दिले त्यातही हा विवेक दिसतो. पंचविसाव्या अनुच्छेदाच्या पहिल्या स्पष्टीकरणाने कृपाण धारण करणे व जवळ बाळगणे हे शीख धर्माच्या आचरणात अंतर्भूत मानले आहे. एरवी शस्त्रास्त्रांबाबत सरकारचा शिरस्ता संशयाचा. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली झालेल्या नियमांत ९ इंचांहून लांब अथवा २ इंचांहून रुंद पाती शस्त्रांत गणली गेली, आणि घरकाम, शेतकाम, उद्योग यांसाठी घडलेली पाती मात्र त्यांतून वगळली गेली. कोयता आणि तलवार यांच्या पोलादात फरक नसून ते ज्या हेतूने घडले त्यात फरक आहे, ही गोष्ट कायद्यालाही मान्य करावी लागली. कृपाणाच्या बाबतीत घटनेने त्याहून पुढे जाऊन असे गृहीत धरले आहे की, ज्याने हे पाते व्रत म्हणून स्वीकारले त्याचे व्रत हाच त्याचा मुचलका.

कृपाण सरळ आहे, त्याला सांधा नाही. आणि येथे एक जुना धार्मिक प्रश्न उभा राहतो. ज्याने एकदाच सर्वसंगपरित्याग केला त्या संन्याशाचे जीवनही सांधा नसलेले आहे. गृहस्थाचे तसे नाही. त्याला सकाळी बाजारात कठोर व्हावे लागते आणि संध्याकाळी लेकराशी मऊ; अन्यायापुढे त्याला पाते उघडावे लागते आणि घरात शिरताना ते मिटावे लागते. कासव आपले अवयव आत ओढून घेते त्याप्रमाणे इंद्रिये आवरणाऱ्याचे वर्णन गीतेने दुसऱ्या अध्यायात केले आहे, पण कासव ते पुन्हा बाहेरही काढते. तो दाखला मिटण्याचा आहे तितकाच उघडण्याचाही आहे. मग ज्याचे जीवन सांध्यावर चालते त्या गृहस्थाची दृढता संन्याशाहून हलकी मानावी काय?

माधोदास बैराग्याची कथा या प्रश्नाला थेट भिडते. जम्मूकडच्या राजौरी भागात १६७० साली जन्मलेला हा तरुण शिकारी होता. एका गाभण हरिणीला मारल्यावर तिच्या पोटातली पाडसे डोळ्यांदेखत मेलेली पाहून त्याने शस्त्र टाकले आणि वैराग्य घेतले, असे सांगतात. भटकत तो नांदेडला आला व गोदावरीच्या काठी मठ करून राहिला. १७०८ साली गुरू गोविंदसिंगांची आणि त्याची भेट येथे झाली, आणि तो बैरागी बंदासिंग होऊन हाती शस्त्र घेऊन उत्तरेकडे निघाला. बंदाघाटाचा गुरुद्वारा आजही त्या भेटीची खूण सांगतो. आता या माणसाने आपले व्रत मोडले असे म्हणावे काय? शब्दाचा काथ्याकूट करणारा म्हणेल, मोडले. पण पश्चात्तापाने मिटलेले पाते तो जन्मभर मिटलेलेच ठेवता, आणि भोवतालचा अन्याय पाहूनही ‘मी शस्त्र टाकले आहे’ या आपल्या जुन्या निश्चयाला धरून बसता, तर तो निश्चय करुणेचा राहिला असता की केवळ एका दुःखद आठवणीचा, याचा विचार व्हावयास हवा. त्याचा खटका कोणा भाराने सुटला नाही. एका वडीलधाऱ्या, जाणत्या पुरुषाच्या भेटीनंतर त्याने तो स्वतःच उघडला. आणि तो कच्चा नव्हता याचे प्रमाण पुढे मिळाले. १७१५ साली गुरदास नंगलच्या वेढ्यात तो पकडला गेला, १७१६ च्या जून महिन्यात दिल्लीत अनन्वित यातना देऊन त्याला मारण्यात आले, आणि धर्म सोडण्याची मुभा समोर असता त्याने ती घेतली नाही. ज्याने एक निश्चय समजून सोडला त्यानेच दुसरा निश्चय प्राणांतीही सोडला नाही. सोडता येणे आणि न सुटणे ही एकाच माणसाच्या ठिकाणी एकत्र नांदू शकतात. किंबहुना ती एकत्र असतील तेथेच दृढता खरी.

गीतेच्या अठराव्या अध्यायात धृतीचे जे तीन प्रकार सांगितले आहेत त्यांचे मर्म मला येथे उलगडते. सात्त्विक धृती मन, प्राण आणि इंद्रिये यांचे व्यापार अढळ योगाने धरते. राजस धृती धर्म, अर्थ आणि काम यांना फळाच्या आसक्तीने धरते. हे वर्गीकरण अपेक्षित असेच आहे. पण तामस धृतीचे लक्षण वाचताना वाचक चमकतो. तामस माणसाला धृती नसते असे तेथे म्हटलेले नाही. त्याला धृती असते, आणि तो निद्रा, भय, शोक, विषाद व मद यांना त्या धृतीने इतके घट्ट धरतो की ते त्याच्याने सुटतच नाहीत. धरून ठेवण्याची शक्ती स्वतः तटस्थ आहे आणि ती मूढतेचीही दासी होऊ शकते, ही गोष्ट ज्या ग्रंथाने अढळतेची थोरवी गायिली त्यानेच निःसंकोचपणे सांगितली आहे. ज्याला आपला निश्चय सोडताच येत नाही त्याने तो धरला आहे असे म्हणणे चूक आहे. त्या निश्चयानेच त्याला धरलेले असते.

येथे एक आक्षेप निघेल, आणि तो गंभीर आहे. भाराने सुटणे वाईट आणि विवेकाने सोडणे चांगले, हे ठीक. पण भाराखाली वाकलेला कोणता माणूस आपण वाकलो असे कबूल करतो? भीतीने माघार घेणारा तिला दूरदृष्टी म्हणतो, लोभाने शब्द फिरवणारा परिस्थिती बदलल्याचा हवाला देतो. अंगठा माझाच, भारही माझ्याच हातावर. मग खटका कशाने सुटला हे कोण ठरवणार?

या आक्षेपाला उत्तर द्यावयाचे तर चाकू मिटण्याची रीतच पाहावी. भार असताना खटका कोणी दाबू नये, हा या हत्याराचा पहिला नियम आहे. आधी पाते लाकडातून सोडवावे, त्यावरचा ताण जाऊ द्यावा, बोटे पात्याच्या वाटेतून बाजूला घ्यावीत, आणि मग खटका दाबावा. मनाच्या बाबतीतही हाच दंडक पाळता येतो. ज्या घटकेला भय, क्रोध, मोह किंवा लोकांचा दबाव ऐन भरात आहे त्या घटकेला जुना निश्चय कितीही चुकीचा वाटला तरी तो सोडू नये. तो तसाच धरून आधी भार उतरू द्यावा, आणि भार उतरल्यावरही तो निश्चय अयोग्य वाटला, तर तो निःशंकपणे सोडावा. भार गेल्यावर ज्याला सोडण्याची गरज वाटत नाही त्याला आधीही ती विवेकाने वाटत नव्हती, हे यावरून आपोआप ठरते. या दंडकाने सर्व आत्मवंचना टळेल असे मी म्हणत नाही, परंतु तिचा मोठा हिस्सा उघडकीस येईल.

हैदराबाद संस्थानातील लढ्याने याचा सार्वजनिक दाखला दिला आहे. स्टेट काँग्रेसने १९३८ साली सत्याग्रह आरंभिला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस गांधीजींच्या सल्ल्याने तो स्थगित केला. तुरुंगात गेलेल्या अनेक कार्यकर्त्यांना ते जिव्हारी लागले असेल. पण ती माघार शरणागती नव्हती, हे १९४७ साली तोच लढा पुन्हा उभा राहिला आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाचा अंमल संपला तेव्हा सिद्ध झाले. या लढ्याचे धुरीण स्वामी रामानंद तीर्थ हे संन्यासी होते. नांदेडचे विद्यापीठ आज त्यांच्या नावाने ओळखले जाते. ज्याने स्वतःच्या प्रपंचाला सांधाच ठेवला नाही त्या संन्याशाने लोकांच्या लढ्यात मात्र उघडमीट करण्याचे शहाणपण दाखवले, यावरून संन्यास आणि गार्हस्थ्य यांच्या दृढतेत आपण मानतो तितकी मोठी भिंत नाही, असे दिसते.

परशुरामाची आई रेणुका हिचे स्थान असलेला माहूरगड नांदेड जिल्ह्यातच आहे, म्हणून परशुरामाच्या कथेकडे पाठ फिरवून हा विचार पुढे नेणे अप्रामाणिकपणाचे होईल. जमदग्नीने क्रोधाच्या भरात रेणुकेचा शिरच्छेद करण्याची आज्ञा पुत्रांना केली. थोरल्यांनी ती नाकारली आणि शाप घेतला, परशुरामाने ती पाळली. आज्ञापालनाचा हा खटका कसल्याही भाराने सुटला नाही, मातृवधाच्याही नाही. मग ही दृढतेची पराकाष्ठा मानावी काय? माझ्या मते कथा स्वतःच तसे मानत नाही. प्रसन्न झालेल्या पित्याने वर मागावयास सांगितले तेव्हा परशुरामाने पहिली मागणी केली ती आई पुन्हा जिवंत व्हावी अशी, आणि दुसरी केली ती तिला हे स्मरणात राहू नये अशी. ज्या कृत्याची पहिली फलश्रुती ते कृत्य पुसून टाकण्याची याचना असते, त्या कृत्याला कर्त्यानेच संपूर्ण संमती दिलेली नसते. आणि लोकांनी आपला निवाडा आपल्या पावलांनी दिला आहे: साडेतीन शक्तिपीठांपैकी एक मानलेल्या त्या गडावर महाराष्ट्र-तेलंगणाचे भाविक चढतात ते रेणुकेच्या मुखदर्शनासाठी, परशूच्या दर्शनासाठी कोणी नवस बोलत नाही.

आतापर्यंत एकट्या माणसाच्या निश्चयाचा विचार झाला. पण धरून ठेवण्याचे काम समूहातही चालते, आणि तेथेही आपण जाडीला बळ समजण्याची चूक करतो. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे निजली असता ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि त्या भोवतालचा, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील सास्तूरपर्यंतचा मुलूख भूकंपाने हादरला, आणि सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्या गावांतील घरांच्या भिंती दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या दगडी होत्या. वर माळवदाची, म्हणजे लाकडी तुळ्या-फळ्यांवर पांढऱ्या मातीचा जड थर दिलेली छपरे होती. पाहणाऱ्याला ते घर म्हणजे लहानसा किल्लाच वाटावा. परंतु भिंतीचा आतला थर आणि बाहेरचा थर यांना एकमेकांत गुंतवणारे, आरपार जाणारे लांब दगड बहुधा नव्हते. मधली पोकळी डबराने भरलेली, सांधा चिखलाचा. जमीन आडवी हलताच दोन्ही थर एकमेकांपासून फुटून निराळे झाले आणि वरची माती खाली आली. छपराचा भार जेथे लाकडी खांबांच्या सांगाड्यावर होता आणि सांधे शाबूत होते, तेथे भिंती ढासळूनही सांगाडा कित्येक ठिकाणी उभा राहिला. पुनर्वसनात आणि दुरुस्तीत भर दिला गेला तोही भिंत आणखी जाड करण्यावर नव्हता. आरपार दगड घालणे आणि घराभोवती सलग पट्टा फिरवून चारी भिंती एकमेकींशी बांधणे, यावर होता.

हे कोणाच्या पापाचे फळ, असा प्रश्न त्या दिवसांत विचारला गेला, आणि उत्तरे देणारेही पुष्कळ होते. ज्या वृद्धेने विसर्जनाच्या मिरवणुकीला आदल्या संध्याकाळी ओवाळले तिच्या पापाचा हिशेब मांडण्याचा अधिकार मला कोणी दिलेला नाही, म्हणून मी त्या वाटेला जात नाही. परंतु त्या भिंतींनी जे दाखवले ते धर्मसंस्थांनाही लागू आहे. शतकानुशतकांच्या आचारांनी, ग्रंथांनी, मठांनी आणि उत्सवांनी जाड झालेली परंपरा सुरक्षित असते असे आपण गृहीत धरतो; तिचा बाहेरचा थर आणि आतला थर, म्हणजे आचार आणि अनुभव, यांना आरपार गुंतवणारे काही उरले आहे काय, हे आपण पाहात नाही. फाळणीच्या वेळी, दंगलीच्या वेळी, दुष्काळात, म्हणजे जमीन आडवी हलते त्या वेळी, ते दिसून येते. आणि तेव्हा पाहून काही उपयोग नसतो.

मग उपयोग कशाचा? चाकूची निगा राखणारे लोक सांगतात की, खटका पोलाद तुटून दगा देतो असे क्वचितच घडते. बहुधा तो देतो खाचेत साचलेल्या मळामुळे. खिशातली धूळ, कापसाचे तंतू, वाळलेला रस, तंबाखूची भुकटी यांचा एक बारीक थर खाचेच्या तळाशी बसतो, पट्टीचे नाक पूर्वीइतके खोल उतरत नाही, ‘कट्’ हा आवाज बसका होत जातो, आणि मालकाला ते कळत नाही, कारण फळे पूर्वीसारखीच कापली जात असतात. आपल्या संतांनी आणि गुरूंनी नित्यनेमावर, रोजच्या नामस्मरणावर, रोजच्या पाठावर जो इतका भर दिला त्याची उपपत्ती मला यातच दिसते. अभ्यास दीर्घकाळ, अखंड आणि आदराने झाला म्हणजेच तो दृढभूमी होतो, असे पतंजलींनी सांगितले. त्यातील ‘अखंड’ या अटीचे कारण हेच की, मळ साचण्याचे काम एकही दिवस खाडा करीत नाही. नित्यनेमाने निश्चयाचे बळ वाढते असे म्हणण्यापेक्षा, मूळचे बळ ज्या खाचेत बसावयाचे ती त्याने मोकळी राहते, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

तेव्हा गृहस्थाची दृढता संन्याशाहून हलकी काय, या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे की, ती हलकी नाही, पण तिची निगा अधिक लागते. ज्याच्या जीवनाला सांधा नाही त्याला एकदा घेतलेला निर्णय पुरतो; ज्याला दिवसातून दहा वेळा उघडावे आणि मिटावे लागते त्याने दहा वेळा खाच स्वच्छ आहे काय हे पाहिले पाहिजे. आणि ज्या कामात खटक्यावर प्रत्येक घावाला भार येणार हे आधीच ठाऊक आहे, त्या कामाला मिटता चाकू नेऊच नये, तेथे कोयता न्यावा, ही ऊसतोड कामगाराची अक्कलही धर्मशास्त्राने नोंदवून ठेवण्यासारखी आहे: जो मोह आपल्याने आवरत नाही असे अनुभवाने कळले आहे, त्याच्यापुढे मनोनिग्रहाची प्रौढी मिरवीत जाणे ही श्रद्धा नसून बेपर्वाई आहे, आणि तेथे सरळ, सांधा नसलेला नकारच योग्य. बाकीच्या सर्व ठिकाणी, म्हणजे संसाराच्या बहुतेक सर्व ठिकाणी, निश्चय असा असावा की तो वजनाला दाद देणार नाही, समजुतीला देईल, आणि त्याला सोडण्याचा अधिकार ज्याने तो केला त्याच्याच हाती, आणि तोही भार उतरल्यानंतरच, राहील.